लघवीत बुडवलेली जेलची पट्टी रंग बदलेल हो, पण कशामुळे?

आधी प्रश्न माझ्या शब्दात परत लिहिते. तुम्ही तिघी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहात, प्रोजेक्ट असा की अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातून मिळणारा पदार्थ) हायड्रोजेलमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलमध्ये, ब्रोमोथायमॉल ब्लू हा ॲसिडप्रमाणे रंग बदलणारा डाय अडकवायचा, त्याची पट्टी करायची, लघवीत बुडवायची, आणि कॅन्सर असेल तर रंग निळ्याचा पिवळा होणार कारण कॅन्सरच्या पेशी ॲसिड सोडतात. मग मोबाईलने फोटो, ॲपमध्ये निकाल. सोबत लघवीच्या रंगावरून कॅन्सर ओळखण्याच्या एका बातमीची लिंक दिलीय. विचारलंय की कुठलं जेल घ्यावं, रंग कसा मोजावा, आणि इतकं स्वस्त आहे तर बाजारात अजून का नाही. पहिले दोन प्रश्न सोपे आहेत. तिसऱ्यातच सगळं आहे, आणि त्याचं उत्तर कळलं की पहिले दोन बदलतात, म्हणून जरा लांबण लागेल.

मी मुळात पॉलिमरवाली, डॉक्टर नाही. जेलमध्ये डाय आणि एन्झाइम बसवून सेन्सर करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे जेलबद्दल जे लिहीन ते हाताने केलेलं आहे आणि स्क्रीनिंगबद्दल (लक्षणं नसलेल्या लोकांची सरसकट तपासणी) जे लिहीन ते डॉक्टर आणि स्टॅटिस्टिक्सवाल्यांच्या बरोबर बसून शिकलेलं. तुमच्या बाबतीत बरंच काही यावर अवलंबून आहे की गाइड कोण आहे, जवळ हॉस्पिटल आहे का, आणि बजेट हजारात आहे की लाखात. ते तुम्ही लिहिलेलं नाही, मी कमीच धरते.

आता पीएचचं, म्हणजे ॲसिडच्या मापाचं; आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त. ऑटो वारबुर्गने १९२० च्या दशकात दाखवलं की ट्यूमरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोजपासून भरपूर लॅक्टिक ॲसिड करतात. ट्यूमरच्या आसपासचा पीएच साधारण ६.५ ते ६.९ पर्यंत उतरतो, रक्ताचा ७.४ असतो. इथपर्यंत तुमचं बरोबर. पण ते ॲसिड रक्तात आलं की बायकार्बोनेट त्याला गिळून टाकतं, उरलेलं फुप्फुसं आणि किडनी सांभाळतात, आणि कुठेतरी आतड्यात असलेल्या दोन सेंटीमीटरच्या गाठीचं ॲसिड लघवीच्या पीएचमध्ये दिसणं शक्यच नाही. लघवीचा पीएच तब्येत ठणठणीत असतानाही ४.५ ते ८ च्या मध्ये कुठेही असतो. मटण खाल्लं की खाली, फळं-भाज्या जास्त झाल्या की वर, युरिन इन्फेक्शनमध्ये काही जंतू युरियाचा अमोनिया करतात म्हणून आणखी वर, आणि सॅम्पल दुपारभर टेबलावर राहिलं तरी वर. ब्रोमोथायमॉल ब्लूचा रंग बदलतो नेमका ६.० ते ७.६ मध्ये, म्हणजे निरोगी माणसांच्या बरोब्बर मधोमध. तुमच्या हॉस्टेलमधल्या मुलींचीच सॅम्पलं घेतलीत तर पिवळा, हिरवा, निळा सगळे रंग मिळतील. हळदीला चुना लागला की ती लाल होते, पण चुना कुठल्या डबीतला हे हळद सांगत नाही, तसं आहे हे.

म्हणून जेल निवडायच्या आधी ठरवायचं ते हे की जेलने नक्की काय बघायचं. लघवी, थुंकी, शौच यांच्यात कॅन्सरशी संबंध असलेलं असं काय येतं जे बाकीच्या कारणांनी फारसं येत नाही? ही यादी वाटते त्यापेक्षा खूप लहान आहे. शौचातलं न दिसणारं रक्त हे त्यातलं सगळ्यात जुनं आणि सिद्ध झालेलं. ग्वायाक नावाच्या झाडाच्या राळेत भिजवलेला कागद, त्यावर नमुना, वर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब, रक्तातल्या हीममुळे (हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग) निळा रंग. अमेरिकेत मिनेसोटाच्या अभ्यासात ४६ हजारांवर लोक होते, १९९३ मध्ये निकाल आला की दरवर्षी ही टेस्ट केलेल्यांमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा रंग बदलणाऱ्या स्वस्त टेस्टने जीव वाचतात हे खरंच आहे, मी त्या कल्पनेच्या विरोधात नाही. पण ग्वायाकलाही लाल मांस चालत नाही, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालत नाहीत, म्हणून आता बऱ्याच ठिकाणी माणसाचंच हिमोग्लोबिन ओळखणारी अँटीबॉडीवाली टेस्ट वापरतात. उलट बाजूचं उदाहरण सार्कोसिन, हे एक छोटं अमिनो ॲसिड. २००९ मध्ये नेचरमध्ये पेपर आला की प्रोस्टेट कॅन्सरमध्ये लघवीत सार्कोसिन वाढतं, सगळे सेन्सरवाले त्याच्यामागे लागले, आणि पुढे दुसऱ्या गटांनी बघितलं तर फरक तितका दिसेना. सार्कोसिनचे सेन्सर मात्र अजून छापून येतात, आणि सेन्सर म्हणून ते उत्तम असतात बरं का.

तुम्ही ज्या बातमीची लिंक दिलीय ती बहुतेक सोन्याच्या नॅनोक्लस्टरच्या कामावरून फिरत फिरत आलेली आहे, कारण त्यातही 'लघवी निळी होते' हेच हेडिंग असतं. ते काम खरं आहे आणि सुंदर आहे. तेव्हा लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात असलेल्या मॉली स्टीव्हन्स आणि एमआयटीतल्या संगीता भाटिया यांच्या गटांनी २०१९ मध्ये केलं. दोन नॅनोमीटरपेक्षाही लहान सोन्याचे क्लस्टर पेप्टाइडच्या (अमिनो ॲसिडच्या छोट्या साखळीच्या) दोरीने एका मोठ्या प्रोटीनला बांधायचे, हे सगळं गाठोडं किडनीच्या चाळणीतून जाऊ शकत नाही इतकं मोठं. ट्यूमरपाशी एमएमपी-९ नावाचं एन्झाइम जास्त असतं, ते दोरी कापतं, क्लस्टर सुटून लघवीत येतात, मग लघवीत टीएमबी नावाचा रंग देणारा पदार्थ आणि पेरॉक्साइड टाकलं की सोनं एन्झाइमसारखं वागतं आणि तासाभरात डोळ्यांना दिसेल असा निळा रंग येतो. आता बातमीत जे गाळलं जातं ते ऐका. हे उंदरांमध्ये केलं. आणि गाठोडं आधी इंजेक्शनने शरीरात सोडावं लागतं. म्हणजे लघवी तपासणं बिनसुईचं, पण टेस्ट बिनसुईची नाही. यातला खरा शहाणपणा असा की शरीरात नैसर्गिकपणे पुरेसा सिग्नल येत नाही म्हणून त्यांनी तो बाहेरून तयार करून घेतला. तुमची पट्टी बाहेरून काहीच देत नाही, नुसती येईल ते बघणार आहे, म्हणजे तिचं काम जास्त अवघड.

आता जेल. लोकांना वाटतं हायड्रोजेल म्हणजे काहीतरी स्मार्ट मटेरियल, पण बहुतेक सेन्सरमध्ये त्याचं काम घरगड्याचं असतं: डाय धरून ठेवणं, पाणी धरून ठेवणं, पेशी आणि म्युकससारखा मोठा कचरा बाहेर ठेवणं, आणि रंग एकसारखा दिसेल असा पृष्ठभाग देणं. १९६० मध्ये विख्टर्ले आणि लिम यांनी ज्या जेलबद्दल लिहिलं त्यापासून पुढे मऊ कॉन्टॅक्ट लेन्स झाल्या, तेही असंच साधं काम. जेल स्वतः रंग बदलतं असंही असतं, पिट्सबर्गच्या सॅनफर्ड ॲशरच्या गटाने १९९७ मध्ये जेलमध्ये बारीक गोळ्यांची शिस्तीत रांग अडकवली, जेल फुगलं की गोळ्यांमधलं अंतर वाढतं आणि परावर्तित रंग सरकतो, डाय लागतच नाही. दिसायला फार देखणं. पण लघवीत मिठाचं प्रमाण माणसागणिक आणि तासागणिक बदलतं आणि भारित जेल मिठानेही फुगतं-आकसतं, त्यामुळे तुमच्या बजेटमध्ये मी त्या वाटेला जाऊ नका म्हणेन.

अल्जिनेट नको, त्याची दोन कारणं. एक म्हणजे ते कॅल्शियमने जोडलेलं असतं आणि लघवीत सायट्रेट, फॉस्फेट आणि भरपूर सोडियम असतं, ते कॅल्शियम ओढून घेतात, पट्टी आधी फुगते मग गिळगिळीत होते आणि जास्त वेळ ठेवली तर सुटायला लागते. दुसरं, अल्जिनेटवर निगेटिव्ह चार्ज आणि तुमचा डायही निगेटिव्ह, दोघं एकमेकांना धरून ठेवणारच नाहीत, डाय निवांत बाहेर येऊन लघवी रंगवेल आणि पट्टी फिकी पडेल. हे बघायला मोठी सोय लागत नाही, साध्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) पट्टी ठेवा आणि अर्ध्या तासाने बफरचा रंग बघा. कुठल्याही जेलवर ही टेस्ट सगळ्यात आधी करायची, कारण गळणारा डाय आणि खरा रंगबदल फोटोत सारखाच दिसतो. आगरोज शांत स्वभावाचं, पारदर्शक, लघवीशी भांडत नाही, सुरुवातीला तेच घ्या, डाय मात्र केमिकली बांधावा लागेल. पॉलिअॅक्रिलामाइड छान पण साखळीत न जुळलेला मोनोमर, म्हणजे सुटा रेणू, विषारी असतो, नीट धुवावं लागतं. फ्रीझ-थॉ करून, म्हणजे गोठवून-वितळवून केलेलं पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) पांढरट होतं, आणि गंमत म्हणजे तो दोष नाही, मागे पांढरं असलं की रंग उठून दिसतो. जिलेटिन स्वस्त पण तिशीच्या वर तापमान गेलं की वितळायला लागतं, म्हणजे मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे डेमो देऊच नका. ते क्रॉसलिंक करावंच लागतं, म्हणजे त्याच्या साखळ्या एकमेकींना केमिकली बांधाव्या लागतात, आणि तिथे एक सापळा आहे. जेनिपिन सुरक्षित म्हणून सगळे सुचवतात, पण ते जिलेटिनशी जुळताना स्वतःच गडद निळं होतं. रंगाच्या सेन्सरसाठी निळं क्रॉसलिंकर! ग्लुटरअल्डिहाइडने पिवळट झाक येते, ती चालवून घेता येते.

जाडीबद्दल कुणी विचारत नाही आणि निम्मे प्रोजेक्ट तिथे अडकतात. जेलमध्ये रेणू आत शिरतो तो डिफ्युजनने, आणि लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ढोबळ हिशोबाने लहान रेणूला एक मिलिमीटर जेल पार करायला पंधरा-वीस मिनिटं, दोन मिलिमीटरला तासाच्या वर. प्रोटीन असेल तर याच्या दहापट धरा. मुलं पेट्री डिशमध्ये जाड थर ओततात, पाच मिनिटांनी फोटो काढतात, मग म्हणतात सेन्सिटिव्हिटी कमी आहे. जेल पातळ करा, पाव ते अर्धा मिलिमीटर, आणि फोटोची वेळ ठरवून टाका, नाहीतर तुम्ही प्रमाण नाही तर घड्याळ मोजताय.

रंग मोजण्याबद्दल. मोबाईल कॅमेरा फोटो 'चांगला' यावा म्हणून बनवलेला आहे, खरा यावा म्हणून नाही. ऑटो व्हाइट बॅलन्स, एचडीआर, शार्पनिंग सगळं तुमच्या रंगात हात घालतं, ट्यूबलाइट आणि खिडकीचा उजेड मिसळला तर विचारूच नका. साधा उपाय असा की पट्टीच्या शेजारीच पांढरा, करडा आणि दोन-तीन ठरलेले रंग छापलेलं कार्ड त्याच फ्रेममध्ये ठेवा आणि कार्डाच्या तुलनेत पट्टीचा रंग काढा. पुठ्ठ्याच्या खोक्यात एलईडी लावला तरी खूप सुधारतं. आरजीबीचे आकडे तसेच न वापरता लॅब (L*a*b*) कलर स्पेसमध्ये, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या फरकाप्रमाणे रंग मांडणाऱ्या पद्धतीत नेऊन कोऱ्या पट्टीपासूनचं अंतर मोजा. आणि लघवीचा स्वतःचा रंग विसरू नका! बी-कॉम्प्लेक्स घेतलेल्याची लघवी गडद पिवळी, टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर नारिंगी, पिवळ्या लघवीत निळी पट्टी हिरवीच दिसणार. म्हणून प्रत्येक सॅम्पलला डाय नसलेली एक कोरी जेलपट्टीही बुडवायची, हा कंट्रोल नसलेला पेपर मी पुढे वाचत नाही. सकाळची पहिली लघवी घट्ट असते आणि दोन तांबे पाणी प्यायल्यावरची पातळ, त्यामुळे काहीही मोजलं तरी क्रिएटिनिनच्या (लघवीतून साधारण ठरल्या प्रमाणात जाणारा पदार्थ) तुलनेत मांडावं लागतं.

आता तो तिसरा प्रश्न. समजा तुमची पट्टी झकास झाली, कॅन्सर असलेल्या शंभरातल्या ९० जणांना पकडते आणि नसलेल्या शंभरातल्या ९५ जणांना बरोबर सोडते. प्रयोगात १०० पेशंट आणि १०० निरोगी घेतले तर ९० खरे पॉझिटिव्ह, ५ खोटे, वा काय टेस्ट आहे. आता हीच पट्टी गावात १०,००० जणांना द्या आणि धरा की त्यातल्या २० जणांना तो कॅन्सर आहे (आकडा मी हिशोबासाठी घेतलाय). १८ जण पकडले जातील. आणि उरलेल्या ९,९८० मधले ४९९ जण उगाच पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पट्टी पिवळी झालेल्या ५१७ माणसांपैकी खरा कॅन्सर फक्त १८ जणांना, साडेतीन टक्के. बाकीचे पाचशे लोक सोनोग्राफी, सीटी, बायोप्सी करत फिरणार, कर्ज काढणार, घरात रडारड होणार. पट्टी दहा रुपयांची असली तरी टेस्ट दहा रुपयांची नसते.

आणि हे नुसतं कागदावरचं गणित नाही. जपानने तान्ह्या मुलांमधल्या न्यूरोब्लास्टोमासाठी (मज्जासंस्थेच्या कोवळ्या पेशींचा कॅन्सर) लघवीचं स्क्रीनिंग करून बघितलं, सहा महिन्यांच्या बाळांची लघवी घेऊन त्यात व्हीएमए नावाचा पदार्थ शोधायचा, सुरुवातीच्या काळातली पद्धत तर डाग टाकून रंग बघण्याचीच होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून देशभर केलं. खूप गाठी सापडल्या. पण त्यातल्या बऱ्याच आपोआप विरघळून जाणाऱ्या होत्या, आणि ज्या मुलांचा जीव घेणाऱ्या असायच्या त्या नंतर, वेगळ्याच वयात उगवायच्या. क्युबेक आणि जर्मनीतल्या अभ्यासांचे निकाल २००२ मध्ये आले, मृत्यू कमी झालेच नव्हते, मग जपानने २००४ मध्ये कार्यक्रम थांबवला. मधल्या काळात कित्येक बाळांवर गरज नसताना ऑपरेशन आणि किमो झाली. लक्षात घ्या, टेस्ट चुकत नव्हती. जे शोधायचं तेच शोधत होती. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांना घेऊन ओव्हरीच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग झालं, सीए-१२५ ही रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी वापरून, काही कॅन्सर लवकरच्या स्टेजला सापडलेही, तरी २०२१ चा निकाल असा की मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून डॉक्टर मंडळी तुमची 'डिटेक्शन लिमिट' (किती कमी प्रमाण पकडता येतं ते) ऐकून भारावून जात नाहीत.

मग रंगावर चालणारं स्क्रीनिंग आपल्याकडे कुठे चाललंय का? चाललंय, आणि त्यात जेल नाही, डाय नाही. तीन ते पाच टक्के ॲसेटिक ॲसिड, म्हणजे पातळ व्हिनेगरच, गर्भाशयाच्या मुखावर लावतात, मिनिटभराने बिघडलेला भाग पांढरा दिसतो. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि मंडळींनी मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांवर हे करून बघितलं, तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविका होत्या, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १ लाख ३१ हजारांवर बायकांवर झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) टेस्टने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले आणि याच व्हिनेगरच्या तपासणीने ठळक फरक दिसला नाही. रंग कोण बघतंय, किती वेळा बघतंय आणि पुढे उपचार मिळतात का, यावर सगळं फिरतं. तरी या टेस्टची एक गोष्ट तुम्ही उचलावी: ती थेट जागेवर जाऊन बघते. लघवीपर्यंत काही वाहून येईल याची वाट बघत बसत नाही. तोंडाचा कॅन्सर, गर्भाशयमुख, त्वचा, इथे जेलची चकती जागेवर ठेवता येते आणि सिग्नल पातळ व्हायच्या आत मिळतो. मला वाटतं जेलवाल्यांना खरा वाव तिथेच आहे.

तर तुमच्या प्रोजेक्टचं. मोडीत काढू नका, नाव आणि दावा बदला. 'कॅन्सर ओळखणारी पट्टी' नाही, तर 'प्रोटीएझला प्रतिसाद देणारं रंगीत हायड्रोजेल'. प्रोटीएझ म्हणजे एमएमपी-९ सारखं प्रोटीन कापणारं एन्झाइम. क्रॉसलिंक केलेल्या जिलेटिनमध्ये ब्लू डेक्स्ट्रान (निळा डाय जोडलेली साखरेची लांब साखळी) अडकवा, तो रेणू इतका मोठा असतो की जेल शाबूत असेपर्यंत सहसा बाहेर पडत नाही, एन्झाइमने जेल कापलं की निळा रंग बाहेर येतो. म्हणजे डाय गळण्याचा प्रश्नही बराच सुटला. एमएमपी-९ महाग पडेल, सुरुवातीला कोलॅजिनेझ वापरा आणि रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा की हे जंतूंचं एन्झाइम आहे, ट्यूमरचं नाही. सोबत ट्रिप्सिन या पचनाच्या एन्झाइमचा कंट्रोल लावाच, तेही जिलेटिन खातं, तुमचं जेल दोघांत फरक करू शकणार नाही, आणि ते मोकळेपणाने दाखवलंत तर परीक्षक खूश होतील. आधी बफर, मग कृत्रिम लघवी, इथेच थांबलात तरी शेवटच्या वर्षासाठी भरपूर झालं.

माणसांची सॅम्पलं घ्यायची असतील तर एथिक्स कमिटीची परवानगी आधी, मैत्रिणींची असली तरी. आणि घेतलीत तर निरोगी मुली विरुद्ध कॅन्सर पेशंट अशी तुलना करू नका, युरिन इन्फेक्शन, मुतखडा, डायबेटिस असलेली पण कॅन्सर नसलेली माणसं हीच खरी परीक्षा, प्रत्यक्ष दवाखान्यात पट्टी ज्यांना गोंधळवेल ती हीच. निकाल वाचणाऱ्याला कुठलं सॅम्पल कुणाचं हे माहीत नसावं. स्टार्टअपचं विचारलंत तर २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस रूल्सप्रमाणे कॅन्सरच्या निदानाच्या किट क्लास सी मध्ये, म्हणजे बऱ्यापैकी जोखमीच्या गटात जातात, पुरावा आणि खर्च दोन्ही त्या मापाचे लागतात, त्यामुळे कॉलेजातून लगेच विक्रीला आणू हे डोक्यातून काढा.

खाली कमेंटमध्ये एकांनी विचारलंय की आईसाठी अशी पट्टी ऑनलाइन मिळते का. घरी लघवीत बुडवून कॅन्सर नाही असं सांगू शकेल अशी रंगाची पट्टी नाही, कुणी विकत असेल तर घेऊ नका. सरकारी कार्यक्रमात तिशीच्या पुढे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी होते, आरोग्य केंद्रात चौकशी करा. आणि लघवीतून लाल जात असेल, एकदाच गेलं आणि दुखत नसलं तरी, पट्टी-बिट्टी शोधत न बसता आधी डॉक्टरला दाखवा.

जिलेटिनची किती ब्लूम स्ट्रेंग्थ (जेल किती घट्ट होतं त्याचं माप) मिळतेय आणि तुमच्याकडे प्लेट रीडर (रंग मोजणारं यंत्र) आहे की फक्त मोबाईल, एवढं कळवलंत तर जाडी आणि क्रॉसलिंकरचं प्रमाण सांगते.